नऊ नंबरचा निळा

साध्या डिजिटल चित्रात प्रत्येक पिक्सेल आपला रंग स्वतःजवळ बाळगून असतो. लाल किती, हिरवा किती, निळा किती, या हिशेबात १,६७,७७,२१६ रंग बसतात. जिम्प या चित्रं संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच चित्र ‘इंडेक्स्ड’ केलं की हा खासगी हिशेब संपतो. पिक्सेलच्या हाती उरतो नुसता एक नंबर, आणि त्या नंबराचा रंग कोणता हे बाजूच्या यादीत लिहिलेलं असतं. यादीत जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. मी ती १६ वर आणतो. त्याहून जास्त असले की माझं मन सैल पडतं.

समोर फोटो आहे कोकणातल्या भातलावणीचा. पाण्यानं भरलेलं खाचर, बांधावर म्हैस, मागं कौलारू घर, आणि रोपांची मूठ हातात घेऊन क्षणभर सरळ उभी राहिलेली एक बाई. यादीतला नऊ नंबरचा निळा उघडून मी जरासा जांभळ्याकडे सरकवतो. आभाळ सरकतं. खाचरातलं आभाळही सरकतं, ते अपेक्षितच. पण त्यांच्याबरोबर म्हशीच्या पाठीवरची चकाकीही सरकते. तिघांचा नंबर एकच. भिजलेली म्हैस पाठीवर आभाळ घेऊन उभी असते, हे चित्रकाराला डोळ्यांनी कळतं. सॉफ्टवेअरनं ते नुसत्या मोजणीतून काढलं होतं.

मोजणीचं मला कौतुक आहे, विश्वास मात्र बेताचाच. सोळा रंग निवडण्याची जी रीत जिम्प वापरतो, तिचं मूळ पॉल हेकबर्ट यांच्या १९८२ च्या ‘मीडियन कट’मध्ये आहे. सगळे पिक्सेल लाल, हिरवा, निळा अशा तीन दिशांच्या पेटीत ठेवायचे. पेटी सर्वांत लांब असेल त्या दिशेनं ती कापायची, दोन्हीकडे पिक्सेल निम्मे-निम्मे येतील अशी. मग तुकडे पुन्हा कापायचे, सोळा पेट्या होईपर्यंत. शेवटी प्रत्येक पेटीचा सरासरी रंग यादीत जातो. म्हणजे हे मतदान झालं. लावणीच्या फोटोत हिरव्याचं बहुमत असणारच. बाईच्या कपाळावरचं कुंकू चार-दोन पिक्सेलचं, त्याला कोण विचारतो? ते चिखलाच्या तपकिरीत मिसळून जातं. यादीत मात्र एकमेकांपासून ओळखू न येणारे दोन हिरवे शेजारी-शेजारी बसलेले असतात.

अशा वेळी यादी हातानं करावी लागते. त्या दोन हिरव्यांतला एक काढायचा, जागेवर लाल बसवायचा आणि या पॅलेटवर मूळ फोटो पुन्हा उतरवायचा. कुंकू परत येतं. पण आलेला लाल तेवढ्यावर थांबत नाही. कौलांची उजळ कड तो घेतो, बाईच्या लुगड्याच्या काठातही शिरतो. लहान नाटक मंडळीत पहिल्या अंकातला भालदार तिसऱ्या अंकात न्यायाधीश होऊन येतो, तशी या रंगांची गत असते. प्रत्येकाला दोन-तीन भूमिका. म्हणून लाल निवडताना तो कपाळावर कसा दिसेल एवढं पाहून चालत नाही, कौलांनाही विचारावं लागतं.

जो रंग यादीत नाही त्याचा भास ठिपक्यांनी करता येतो. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ ची रीत इथे कामाला येते. पिक्सेलला जवळचा रंग दिला की जी तफावत उरते, तिचे सोळा भाग करायचे. सात उजवीकडच्याला, पाच थेट खालच्याला, तीन डाव्या खालच्याला, एक उजव्या खालच्याला. एकाची तूट शेजारी भरून काढतात. आभाळाला हे फार शोभतं. माणसाच्या चेहऱ्यावर मात्र कोंडा पसरल्यासारखं दिसतं, तिथे मी ते बंद ठेवतो.

मार्क फेरारी यांनी १९९० च्या ‘लूम’ या संगणकावरच्या खेळाच्या पार्श्वभूमी सोळा रंगांत रंगवल्या. ते सोळाही यंत्रानं ठरवून दिलेले, भडक, एकमेकांशी फटकून वागणारे. त्यांचे ठिपके आळीपाळीनं मांडून त्यांनी त्यातून धूसर रात्री काढल्या. पुढे २५६ रंग मिळाले तेव्हा त्यांनी यादीच चालती केली. त्यांच्या निसर्गचित्रांतला धबधबा वाहतो तेव्हा एकही पिक्सेल जागचा हलत नाही. नंबर तिथेच असतात, यादीतले रंग घरं बदलत फिरतात. ही सोय डॅन सिल्वा यांच्या ‘डिलक्स पेंट’ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये १९८५ पासूनच होती. आज हजारो थरांची चित्रं सहज उघडतात, तरी ही करामत मला जास्त देखणी वाटते.

म्हणून मीही लावणीच्या चित्रात संध्याकाळ करून पाहतो. चित्राला हात लावायचा नाही, फक्त यादीतल्या सोळा चौकटी बदलायच्या. सगळ्या सारख्याच काळ्या करत नेल्या तर संध्याकाळ होत नाही, नुसता दिवा मंद केल्यासारखं वाटतं. उजेड ओसरताना डोळ्यांना लाल आधी काळवंडलेला दिसतो आणि निळा बराच वेळ तग धरतो, हे पुर्किन्ये यांनी १८१९ मध्येच टिपलं होतं. तेव्हा लाल पुष्कळ खाली आणायचा, नऊ नंबरचा निळा थोडासाच. कौलं लगेच पटतात, दिवेलागणीची दिसू लागतात. कपाळ पटत नाही. निसर्गनियमानं तेही काळंच व्हायला हवं, पण मला ते तसं नको असतं. दोघांचा नंबर एकच, म्हणजे कुंकवासाठी वेगळी चौकट हवी. मी पुन्हा हिरव्यांकडे वळतो, त्यातला आणखी कोणता सोडता येईल ते पाहू लागतो.