दोराच्या रेषेत उभे राहू नये

पावसाळा तोंडावर आला की आमच्या धर्मग्रामातील कोळीबांधवांची एकच लगबग सुरू होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. त्याआधी होड्या भरतीच्या रेषेपलीकडे ओढून शाकारायच्या असतात. पूर्वी हे काम पन्नास-साठ हात करीत. होडीखाली ओंडके, खांद्यावर दोर आणि नाखव्याच्या आरोळीवर एकसाथ ओढ! आता मुले पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतात. आरोळी द्यायला नाखवा आहे, पण ओ द्यायला खांदे नाहीत. म्हणून गावकीच्या ट्रॅक्टरला हायड्रॉलिक विंच बसवावी असा विचार पुढे आला आणि खर्चाचा कागद सल्ल्यासाठी आमच्याकडे आला.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या तासाला पास्कल आम्हांला भेटला तो चिंतक म्हणून. तोच पास्कल ट्रॅक्टरच्या तेलातही आहे! बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे त्याचे प्रतिपादन त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने याच तत्त्वावरील दाबयंत्राचे पेटंट घेतले. विंचची गोष्ट वेगळी नाही. पंप तेलाला दाब देतो, ते तेल मोटर फिरवते, मोटर ड्रम फिरवते व दोर गुंडाळला जातो. दाबावर ओढ अवलंबून, प्रवाहावर वेग. वाडीतला जुना रहाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ड्रम समजावून सांगावा लागत नाही. रेड्याच्या जागी तेल आले इतकेच.

तरुणांचा कल विजेवर चालणाऱ्या विंचकडे होता. ती स्वस्त आणि बसवायला सोपी. परंतु तिची मोटर लवकर तापते, बॅटरी उतरते आणि तिला मध्ये मध्ये विसावा द्यावा लागतो. एका भरतीत आठ-दहा होड्या काढायच्या तर समुद्र थोडाच थांबणार? हायड्रॉलिक विंच इंजिन चालू आहे व तेल तापत नाही तोवर थकत नाही. मात्र ट्रॅक्टरचा मूळचा पंप नांगर उचलण्यापुरता. त्याचे तेल अशा विंचला अपुरे पडते. म्हणून पीटीओवर चालणारा वेगळा पंप आणि तेलाची वेगळी टाकी घ्यावी लागते. इथवर सर्वांचे एकमत झाले.

मतभेद झाला तो पुढेच. कागदावर पाच टनांची विंच होती. ट्रॅक्टर जेमतेम दोन टनांचा. वाळूत रुतलेली होडी हलली नाही तर हलणार कोण? ट्रॅक्टरच होडीकडे सरकत जाईल. शिवाय दोर उंचावरून ओढला गेला तर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकासह मागे उलटू शकतो. म्हणून दोर जमिनीलगत सुटावा, मागे वाळूत रुतणारी जाड पोलादी पाटी असावी आणि ट्रॅक्टर वाळूत खोल आडव्या पुरलेल्या ओंडक्याला साखळीने बांधावा, असे फिटरनेच सांगितले. दोर होडीवरच्या कप्पीतून फिरवून परत आणला की घर्षणाचा भाग वगळता ओढ दुप्पट होते, वेग निम्मा. खर्च कमी करू पाहणाऱ्यांनी काट मारली ती नेमकी पाटी, साखळी आणि कप्पी यांवर. “फादर, याने होडी एक हात तरी पुढे जाते का?”

एकाने तर सुचवले, दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह थोडा आवळला की झाले, ओढ आपोआप वाढेल. आम्ही स्पष्ट विरोध केला. दाब वाजवीपेक्षा वाढला की तेल टाकीत परत सोडायचे, हेच त्या व्हॉल्व्हचे काम. तो आवळला की मर्यादा व्हॉल्व्ह ठरवीत नाही, नळी ठरवते किंवा दोर. नळी फुटली तर स्प्रिंगचा ब्रेक ड्रम धरून ठेवील. तुटलेल्या दोराला कोण धरणार?

बैठकीत हे कोणाला फारसे पटले नसावे. पटवले ते एका वृद्ध नाखव्याने. तो म्हणाला, “माणसांच्या हातचा दोर तुटला की माणसे वाळूत पडायची आणि हसायची. हा दोर तुटला तर माणूस कापील.” होड्या ओढण्याच्या दिवशी किनारा जत्रेसारखा फुलतो, बायका चहाच्या किटल्या घेऊन येतात, पोरे दोरावरून उड्या मारतात. पाटी, साखळी आणि कप्पी त्याच बैठकीत मंजूर झाली. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, दोर ओलांडायचा नाही, ड्रमवर पाच वेढे कायम राहू द्यायचे आणि लिव्हर धरणाऱ्याने एकाच माणसाची खूण पाहायची, असे ठरले. ती खूण अर्थातच नाखव्याची. आरोळी इंजिनाच्या आवाजात ऐकू येणार नाही, याचे त्याला वाईट वाटले, आम्हांलाही वाटले.

राहता राहिला दोर. कृत्रिम धाग्याचा दोर हलका असतो, तुटल्यास तारेच्या दोराइतका झेपावत नाही. परंतु वाळूने घासतो व उन्हाने झिजतो. तारेचा दोर वाळू सोसतो, पण खाऱ्या हवेत गंजतो. शेवटी तारेचा घ्यायचे ठरले. त्याला दर महिन्याला उलगडून, तुटक्या तारा तपासून ग्रीस कोणी लावायचे, त्या माणसाचे नाव मात्र वहीत अजून रिकामे आहे.