पोर्ट लुईच्या सोळा पायऱ्या

मंडळी, 2019 च्या जहाजप्रवासाबद्दल लिही असं भाचरं कधीची मागे लागली आहेत. सगळा प्रवास काही लिहीत बसत नाही. जहाजावरचं जेवण, नाचगाणी हे सगळं सारखंच असतं. त्यातला एकच दिवस सांगते.

आमचं जऊळका म्हणजे सोयाबीन-तुरीचा मुलूख. समुद्र आम्ही वर्गात नकाशावर दाखवायचो. लेक-जावई डर्बनला राहतात. त्यांनी हट्टाने ह्यांना आणि मला जहाजात बसवलं. सोबत नऊ वर्षांची नात. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर मात्र इंग्रजीत. जन्मभर मराठी शिकवलेल्या बाईला हे किती लागतं, ते मास्तर मंडळींना सांगायला नको!

चौथ्या दिवशी सकाळी मॉरिशसचं पोर्ट लुई बंदर आलं. संध्याकाळी पाचपर्यंत परत यायचं होतं. उतरताना प्रत्येकाने आपलं कार्ड यंत्रासमोर धरायचं, समोर आपला फोटो नि नंबर उमटतो, मग पुढे सोडतात. बरीच मंडळी किनाऱ्यावर पोहायला गेली. आम्ही बंदराजवळच असलेला आप्रवासी घाट बघायला गेलो.

घाट म्हणजे काळ्या दगडांच्या जुन्या इमारती आणि सोळा पायऱ्या. गुलामगिरी बंद होत होती नि उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून छत्तीस भारतीय मजूर इथे आले. पुढे जवळजवळ साडेचार लाख माणसं करारावर आली. बिहारची, तामिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली मराठी माणसंही. प्रत्येकाला नंबर मिळायचा. पुढेपुढे फोटोही काढू लागले. हे वाचताना माझा हात पर्समधल्या त्या जहाजाच्या कार्डावर गेला. मला पाच वाजता परत जायचं होतं. त्यांच्यातले बहुतेक कधीच परत गेले नाहीत.

तिथे माझ्याच वयाच्या एक बाई नातवाला घेऊन आल्या होत्या. माझं नऊवारी बघून जवळ आल्या नि म्हणाल्या, "आपण महाराष्ट्रातून आलात का?" मराठी अगदी पाठ्यपुस्तकासारखं, एकेक शब्द नीट मांडलेला. नातवाशी मात्र क्रिओल. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका निघाल्या, विषय मराठी! पूर्वज रत्नागिरीकडचे एवढंच माहीत, गावाचं नाव कुणाला आठवत नाही. महाराष्ट्र त्यांनी पाहिलेला नव्हता.

मी विचारलं, "इतकी वर्षं मराठी टिकली कशी हो?"

त्या म्हणाल्या, "टिकली नाही, ताई. प्रत्येक पिढीत कुणीतरी पुन्हा शिकवली."

मग त्या माझ्या नातीकडे वळल्या. "तुझं नाव काय?" उत्तर इंग्रजीत. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा मराठीत विचारला, हसतच. पुन्हा इंग्रजी. तिसऱ्यांदा विचारल्यावर पोरगी लाजत म्हणाली, "माझं नाव मीरा." बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. रागावणं नाही, उपदेश नाही!

दुपारी बाजारात आम्ही दालपुरी खाल्ली. डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, वर उसळ आणि चटणी. ह्यांचं मत पडलं, "गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी!"

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, शाळेत मराठी हा विषयही आहे. आणि इकडे आमच्या गावातून सकाळी गाड्या भरभरून मुलं इंग्रजी शाळेला जातात. त्यात वाईट काही नाही, इंग्रजी यायलाच हवं. पण आपण मराठी मुलखात राहतो म्हणून मराठी आपोआप येईल, हा आपला जो विश्वास आहे ना, तो त्या बाईंना परवडणारा नव्हता. म्हणून त्यांची मराठी राहिली.

परतीच्या प्रवासात मी जहाजावरच्या दुकानातून एक वही घेतली. रोज नाश्त्यानंतर डेकवर अर्धा तास मी आणि मीरा. क, म, ल. ती इंग्रजीत बोलली की मी हसून प्रश्न पुन्हा मराठीत विचारायची. डर्बन येईपर्यंत 'समुद्र' लिहिता येऊ लागलं, जोडाक्षरासकट!

आता ती कॉलेजात जायच्या वयाची झाली. निरोप देवनागरीत पाठवते. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच आहे. मी दुरुस्त करून परत पाठवते, आणि ती चिडून लिहिते, "आजी, पूरे झाले!"

'पुरे'तला 'पु' ऱ्हस्व, हे तिला आज कळवते. असो.