आधी हवा काढा

मननासाठी वचन : मत्तय २५:१-१३



आज थोडे तेला-ग्रीसचे बोलणार आहोत. रागावू नका. प्रभू स्वतः सुताराच्या घरात वाढला, हातांना लागलेल्या मळाची त्याला किळस नव्हती.

इंदूरला बडा गणपती चौकाच्या मागे एका गल्लीत छोटेसे गॅरेज आहे. तिथले उस्ताद सत्तरीच्या पुढचे. आमच्या चर्चची जुनी जीप गेली कित्येक वर्षे त्यांच्याच हाताखाली आहे. चौकातल्या मंदिरात गणपतीची पंचवीसेक फूट उंच मूर्ती आहे. तिला शेंदूर-तुपाचा चोळा चढवायचा म्हणजे कित्येक दिवसांचे काम. आमची श्रद्धा वेगळी, पण शेजारी म्हणून ती चिकाटी आम्ही बघत आलो आहोत. निगा राखणे हेही प्रेमाचेच एक रूप आहे, हे त्या गल्लीत उभे राहिले की कळते. आम्हाला मात्र ते फार उशिरा कळले.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज जीप बनली. १९४७च्या सुमारास महिंद्राने मुंबईत तिची जोडणी सुरू केली, आणि त्याच घराण्यातली ही गाडी. आत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरी दांडी आहे. ती ओढली की चारही चाकांना जोर मिळतो. पावसाळ्यात उदयनगरच्या बाजूच्या काळ्या मातीत बस अडकते, तेव्हा ही जीप चिखल तुडवत पाड्यापर्यंत जाते. औषधे, वह्या, आजारी माणसे आणि आजाऱ्यांसाठी ख्रिस्तप्रसाद, सगळे तिने वाहिले.

आम्ही तिचे सांभाळकर्ते. चर्चचे चार स्वयंसेवक. आमच्यात कुणी इंजिनिअर नाही. हे लिहिणारे हात तर कला शाखेचे. धर्मशिक्षणाच्या वर्गात दहा आज्ञा शिकवाव्यात, पण पिस्टन कशाशी खातात हे चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. उस्तादांनी एका पुठ्ठ्यावर नेमाची यादी लिहून दिली होती. आठवड्याला तेल बघा, पाणी बघा, डिझेल फिल्टरच्या तळाचे पाणी सोडा. ठराविक मुदतीने फिल्टर बदला. पुठ्ठा आम्ही डॅशबोर्डावर चिकटवला. पहिले वर्षभर पाळला. मग तो तिथे आहे हेही विसरलो.

त्या वर्षी चर्चच्या सणाची तयारी जोरात होती. रोषणाई, मांडव, नवे स्पीकर. सणात आमचा सत्कार झाला, शाली मिळाल्या, फोटो निघाले. फिल्टर बदलायचे चार महिने राहून गेले होते. पैशांची अडचण नव्हती. एका हारतुऱ्याच्या खर्चात ते काम झाले असते. 'पुढच्या शनिवारी बघू' एवढेच.

जुलैतल्या एका रात्री फोन आला. दूरच्या एका पाड्यावरच्या आमच्या मंडळीतल्या आजी अत्यवस्थ होत्या आणि फादरांची वाट बघत होत्या. पाऊस कोसळत होता. फादर पुढे बसले, पवित्र तेलाची कुपी छातीशी धरून. आम्ही दोघे मागे.

घाट चढताना जीप गचके देऊ लागली. जोर ओसरला. मग एका वळणावर ती गप्प झाली.

स्टार्टर फिरत होता, इंजिन पेटत नव्हते. एक म्हणाला हीटर प्लग गेले, दुसरा म्हणाला पंप गेला. खरे म्हणजे आम्हाला काहीच कळत नव्हते. घाबरून आम्ही किल्ली दाबूनच धरली, सुटली की पुन्हा दाबली. शेवटी बॅटरी बसली. फादर काही बोलले नाहीत. अंधारात त्यांच्या बोटांत जपमाळ सरकत होती. दोन तास गेले.

मग एक ट्रॅक्टरवाला आला. त्याने टॉर्च मारून पहिला प्रश्न विचारला, फिल्टर केव्हा बदलला? आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्याने तळाचा स्क्रू सोडला तर आधी पाणी आले, मग काळा गाळ. त्याने भांडे पुसले, फिल्टर झटकला, पाइपातली हवा काढली, आणि ट्रॅक्टरने ओढून जीप सुरू करून दिली. पैसे घेतले नाहीत.

आम्ही पोहोचलो तेव्हा आजींना जाऊन पाऊण तास झाला होता.

तैलाभ्यंगाचा संस्कार जिवंत माणसासाठी असतो. फादरांनी कुपी खिशात ठेवली आणि मृतासाठीची प्रार्थना म्हटली. आजींच्या मुलाने आम्हाला कोरा चहा दिला. रस्त्यात फार हाल झाले असतील ना, असे त्यानेच आम्हाला विचारले. तो चहा घशाखाली उतरेना.

परतताना आमच्यापैकी एकजण म्हणाला, "देवाची इच्छा." आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. ते वाक्य ऐकायला बरे वाटले, आणि तेच आमचे खरे पाप होते असे आज वाटते. फिल्टर आम्ही बदलला नव्हता. गाळ आमच्या आळसाचा होता. तो देवाच्या नावावर टाकून आम्ही मोकळे होऊ पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी जीप उस्तादांकडे नेली. सगळे ऐकून त्यांनी आम्हाला स्टुलावर बसवले. इंदूरच्या पद्धतीने म्हणाले, "भिया, पहले हवा निकालो, बाकी बात बाद में."

मग त्यांनी जे समजावले ते मुद्दाम सविस्तर लिहितो. कुणाच्या गाडीलाही उपयोगी पडेल.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा वीसेक पटींनी दाबली जाते. त्या दाबाने ती इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा हवीच. पण तीच हवा डिझेलच्या पाइपात शिरली की इंजिन मेले. डिझेल दाबले जात नाही, म्हणून पंपाचा जोर थेट इंजेक्टरपर्यंत जातो. हवेचा बुडबुडा मात्र दबतो. पंपाचा सगळा जोर तो बुडबुडा गिळून टाकतो आणि इंजेक्टर उघडतच नाही. फिल्टर तुंबला की पंप जोराने ओढतो, आणि एखाद्या सैल नटातून, चिरलेल्या नळीतून हवा आत येते.

ती काढायची कशी? फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा स्क्रू थोडा सैल करायचा. हाताने फीड पंप मारत राहायचे. आधी फेस येतो. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. तरीही सुरू झाले नाही तर इंजेक्टरकडच्या पाइपांचे नट एकेक करून जरा सैल करून स्टार्टर मारायचा, आणि डिझेल आले की आवळायचे. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक नाही. मधे बॅटरीला श्वास घेऊ द्यायचा. आणि पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवायची नाही. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचे रात्री पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाला बसते आणि आधी फिल्टरमध्ये येते.

धुराची भाषाही त्यांनी शिकवली. काळा धूर म्हणजे हवा कमी, डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. पांढरा म्हणजे डिझेल नीट न जळता बाहेर पडते आहे, किंवा पाणी आत शिरते आहे. इंजिन तेल दुधाळ दिसले तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट तपासून घ्या. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

बंधुभगिनींनो, त्या स्टुलावर बसून आम्हाला दहा कुमारिकांचा दाखला पहिल्यांदा समजला. वर्गात तो किती वेळा शिकवला असेल! त्या पाच मूर्ख कुमारिका वाईट नव्हत्या. त्यांच्या हातात दिवे होते, वराला भेटायला त्या निघाल्याही होत्या. फक्त तेलाचे राहून गेले होते. शहाण्या पाचजणींनी तेल दिले नाही याचा आम्हाला नेहमी राग यायचा. आता कळते, काही तेल देताच येत नाही. चार महिन्यांची निगा घाटातल्या रात्री कुणाकडून उसनी मिळत नाही.

आणि हवेचे म्हणाल, तर डोक्यात हवा जाणे असे आपण मराठीत म्हणतोच. शाली आणि फोटोंनी ती आमच्या डोक्यात गेली होती. पवित्र आत्मा हा देवाचा श्वास. तो आत हवाच, त्याच्यावाचून काही पेटत नाही. पण अहंकाराचा बुडबुडा पाइपात बसला की प्रार्थना, वर्ग, सेवा, सगळा जोर तोच गिळतो. बाहेरून स्टार्टर फिरताना ऐकू येतो. आत काही पेटत नाही.

आम्ही पापनिवेदन केले. फादर म्हणाले, देवाने तारण संस्कारांशी जोडले आहे, पण तो स्वतः त्यांच्यात अडकून पडलेला नाही, हीच ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्या रात्री आम्ही पोहोचलो नाही, म्हणून प्रभू पोहोचला नाही असे समजू नका. ऐकून रडू आले. मग त्यांनी प्रायश्चित्त दिले. दर शनिवारी संध्याकाळी, दुसऱ्या दिवशीच्या मिस्साची तयारी करण्याआधी, जीपचे बॉनेट उघडायचे.

तेव्हापासून शनिवार चुकलेला नाही. सपाट जागी उभी करून तेलाची पट्टी बघतो. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघतो. फिल्टरच्या तळाचे पाणी सोडतो. एअर फिल्टरच्या बशीतले तेल धुळीने घट्ट झाले की बदलतो. महिन्यातून एकदा चार चाकांची दांडी टाकून मातीच्या रस्त्यावर थोडे चालवतो, म्हणजे ती गरजेच्या वेळी अडत नाही. सारे मिळून अर्धा-पाऊण तास. त्याला टाळ्या पडत नाहीत.

२५ फेब्रुवारीला आम्ही उदयनगरला जातो. १९९५ साली त्याच दिवशी धन्य सिस्टर राणी मारिया यांची बसमधून इंदूरला येताना हत्या झाली. गरिबांच्या कर्जमुक्तीसाठी त्या झटत होत्या. त्यांच्या कुटुंबाने मारेकऱ्याला क्षमा केली, आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य घोषित करण्यात आले. गेल्या खेपेला त्यांच्या कबरीपाशी आजींचा मुलगा भेटला. आम्ही धीर करून त्याला फिल्टरची खरी गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आईने शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावले होते. आणि थोड्या वेळाने म्हणाला, आता माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत, रात्री फोन केला तर याल ना?

आम्ही हो म्हणालो. त्या शनिवारी बॉनेट दोनदा उघडले.

प्रार्थना करू या :

हे प्रभू येशू, तू दारात येशील तेव्हा आमचे तेल संपलेले नसो. आमच्या आळसाला तुझी इच्छा असे नाव आम्ही न देवो. आमच्यातली पोकळ हवा काढ आणि तुझा श्वास आमच्यात भर. ज्यांच्यापर्यंत आम्ही वेळेत पोहोचलो नाही, त्यांना तुझ्या कुशीत घे. आणि जे अजून वाट बघत आहेत, त्यांच्यापर्यंत आम्हाला पोहोचव. आमेन.