वाट माहीत आहे ना?

माळवली स्टेशनवर उतरले की समोर दोन गड दिसतात. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर आणि दोघांच्या मध्ये गायमुख खिंड. कॉलेजात आल्यापासून लोहगड मी तीनदा चढलो होतो. त्यामुळे दिवाळीच्या सुटीत ताईची दोन मुले घेऊन निघालो तेव्हा वाटेची काळजी मनाला शिवलीच नाही. भाची नऊ वर्षांची, भाचा सहा वर्षांचा. त्यांना गड दाखवायचा होता. आणि खरे सांगायचे तर मामा केवढा तयारीचा आहे, हेही दाखवायचे होते.

द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव गाठले. तिथून रस्ता वळणे घेत खिंडीकडे चढतो. दोन वळणांतच मला कंटाळा आला आणि मी मुलांना घेऊन एका सरळ चढणाऱ्या पायवाटेला लागलो.

भाचा पावलोपावली थांबे. वारूळ दिसले, थांबला. चिखलात रुतून वाळलेली लाल चप्पल दिसली, थांबला. "रेंगाळू नकोस रे!" मी सारखा ओरडत होतो.

"मामा, तुला वाट माहीत आहे ना?" भाचीने विचारले.

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

पाऊण तासाने त्या वाटेच्या तीन वाटा झाल्या आणि तिन्ही कारवीत शिरून नाहीशा झाल्या. ती ढोरवाट होती. गुरे चाऱ्यामागे जातात. त्यांना कुठे गड गाठायचा असतो? तरीही मी हट्टाने पुढे झालो. गवताखाली मुरमाचा घसारा होता, तो दिसलाच नाही. भाचा घसरला. हातभरच घसरला, कारवीच्या बुंध्याला अडकला. कोपर खरचटले. तो रडला असता तर बरे झाले असते. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

त्याला वर ओढून घेतले तेव्हा माझेच हात कापत होते. भाचीने पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी मला खोटे बोलवेना.

"नाही गं. चुकलो मी."

"मग परत जाऊ या ना," ती सहज म्हणाली. जणू त्यात काही कमीपणा नव्हताच!

पण परत तरी कुठून? खाली वळून पाहिले तर सगळे रान सारखेच. चढताना मी एकदाही मागे वळून पाहिले नव्हते. तेव्हा भाचा म्हणाला, "ती बघ माझी चप्पल!" खाली गवतात लाल ठिपका होता. चप्पलेपासून वारूळ, वारुळापासून रस्ता. ज्या रेंगाळण्याबद्दल मी त्याला रागे भरत होतो, त्यानेच आम्हाला खाली आणले.

गडावर जायला आता उशीर झाला होता. म्हणून भाजे लेणी पाहिली. दोन हजार वर्षांहून जुन्या त्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी फासळ्या अजून आहेत, त्या मुलांनी मान दुखेपर्यंत मोजल्या. खाली गावात एका आजींना आमची फजिती सांगितली. त्या हसल्या. "हीच वाट ना, असं विचारलंत तर कुणी पण हो म्हणंल. गडाची वाट कंची, असं विचारावं," म्हणाल्या.

तेव्हापासून मुलांबरोबर डोंगरात जाताना मी तीन गोष्टी पाळतो. आजींनी सांगितले तसे विचारायचे. फाटा आला की थांबून मागे बघायचे, कारण परतताना तीच वाट वेगळी दिसते. आणि वाट मुलाच्या पावलाने चालायची. जवळची वाट चांगलीच असेल असे नाही. ज्या वाटेवरून सहा वर्षांचे पोर आपल्या पायांनी परत येऊ शकते, ती चांगली.

२०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत लोहगडही होता. त्याच दिवाळीत आम्ही तिघे पुन्हा माळवलीला उतरलो.

"मामा, वाट माहीत आहे ना?" भाचीने डोळे मिचकावले.

"नाही," मी म्हणालो. "विचारत विचारत जाऊ."

आणि भाच्याला पुढे केले.