आमच्या वाट्याला गटारच का? : एका स्केट पार्कच्या मागणीनिमित्ताने

महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे पुस्तक एकदा निवांत बसून वाचा. 'दलित वस्ती' या शब्दांपुढे काय लिहिलेले असते? पेव्हर ब्लॉक. बंदिस्त गटार. सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती. समाजमंदिराला रंग. हायमास्ट दिवा. आमच्या शहराची मागच्या पाच वर्षांची पुस्तके मी काढून पाहिली, यादी हीच. 'उद्यान', 'क्रीडांगण', 'जॉगिंग ट्रॅक' हे शब्द वेगळ्या पानांवर आहेत आणि त्या पानांवर आपल्या वस्त्यांची नावे भिंग घेऊन शोधावी लागतात.

गेली तीन वर्षे मी आणि वस्तीतली काही तरुण मंडळी एका मागणीसाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवत आहोत. वस्तीला लागून विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित असलेला भूखंड आहे. तो महापालिकेच्या ताब्यात आहे आणि आज तिथे जप्त केलेल्या हातगाड्या गंजत पडल्या आहेत. तिथे मुलांसाठी स्केट पार्क बांधा, एवढीच मागणी. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही एका शहराची गोष्ट नाही.

स्केट पार्क हे नाव ऐकून अनेकांना हसू येते. हे बांद्र्याच्या पोरांचे खूळ आपल्याकडे कुठून आले? पण गॅरेजमधून टाकाऊ बेअरिंग आणून फळीखाली ठोकायचे आणि उतारावर बसून सुसाट यायचे, हा खेळ आपल्या वस्त्यांत माझ्या लहानपणीही होता. आमच्याकडे भंगाराचा धंदा करणाऱ्यांच्या मुलांना मालात दोन तुटके स्केटबोर्ड सापडले. त्यांनी त्यांना चाके बसवली आणि उड्डाणपुलाच्या उतारावर सराव सुरू केला, मागून ट्रक येत असताना. खेळ आधी आला, मागणी नंतर आली. आम्ही फक्त तो खेळ रस्त्यावरून उचलून सुरक्षित जागी ठेवा म्हणतो आहोत.

पहिला विरोध आपल्याच माणसांकडून झाला आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेते. विहारातल्या बैठकीत एक ज्येष्ठ काका म्हणाले, "अगं बाई, बाबासाहेबांनी शिका सांगितलं, घसरगुंड्या खेळा नाही सांगितलं. त्या पैशात अभ्यासिका माग." दुसऱ्या मावशी म्हणाल्या, "पोराचं डोकं फुटलं तर दवाखान्याचे पैसे कोण भरणार?"

मावशींचा प्रश्न व्यवहाराचा आहे, त्याला व्यवहाराचेच उत्तर आहे. हेल्मेट, गुडघ्याचे व कोपराचे पॅड हे साहित्य सार्वजनिक असले पाहिजे, पार्कवर प्रशिक्षक असला पाहिजे आणि हे दोन्ही खर्च मूळ मागणीतच धरले पाहिजेत. आमच्या प्रस्तावात ते धरलेले आहेत. काकांचा प्रश्न मात्र विचाराचा आहे. अभ्यासिका हवीच, पण 'अभ्यासिका की मैदान' ही निवड कॉलनीतल्या माणसाला कोणी करायला लावते का? त्याच्या मुलाला शाळा, शिकवणी, बाग आणि जलतरण तलाव सगळे मिळते. एकाच तुकड्यातून काय घ्यायचे ते ठरवा, ही अट फक्त आपल्यालाच का? आणि आपणही ती शहाणपण समजून मान्य का करतो?

बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस व गांधींवरील ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली. कारण यंत्र कष्ट वाचवते, कष्ट वाचले की माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती निर्माण होत नाही. फुरसत ही त्यांच्या लेखी चैन नव्हती, ती माणूसपणाची अट होती. ज्यांच्या पिढ्यांनी फुरसत पाहिली नाही, त्यांच्या नातवंडांना संध्याकाळचे दोन तास निव्वळ आनंदासाठी मिळावेत, ही मागणी आंबेडकरी विचारात नेमकी बसते.

शिवाय मैदान कधीच निव्वळ मैदान नसते. पळवणकर बाळू पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टी राखत आणि साहेबांना गोलंदाजी करत शिकले. हिंदू संघाने त्यांना खेळायला घेतले, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला. कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलेच नाही, ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले. जुन्या खेळांच्या मैदानावर कोण मालक आणि कोण मजूर हे आधीच ठरलेले असते.

नव्या खेळाचे बलस्थान इथे आहे. काबूलमध्ये २००७ साली सुरू झालेल्या स्केटिस्तान या उपक्रमाचा अनुभव बोलका आहे. तिथे मुलींनी सायकल चालवणे समाजाला खपत नव्हते, पण स्केटबोर्डवर मुली उभ्या राहिल्या. कारण हा खेळ इतका नवा होता की तो मुलींनी खेळायचा नाही, असे अजून कोणी ठरवलेच नव्हते. मध्य प्रदेशात पन्नाजवळच्या जनवार गावात २०१५ मध्ये स्केट पार्क झाला. यादव आणि आदिवासी अशा दोन भागांत विभागलेल्या गावातली मुले एकाच काँक्रीटवर आली. नियम दोनच होते : शाळा नाही तर स्केटिंग नाही, आणि मुली आधी. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंगला जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. पार्कने जात संपवली असे मी म्हणणार नाही, समाजशास्त्र शिकलेल्या माणसाने इतके भोळे असू नये. पण जिथे जातीची आठवण अजून रुजलेली नाही अशी एखादी सार्वजनिक जागा उभी करणे शक्य आहे, एवढे त्यातून दिसते. तिथेही शाळा खेळाच्या आड आली नाही, खेळाने मुलांना शाळेत टिकवायला मदत केली. काकांना मी हेच सांगितले. ते पूर्ण पटले म्हणाले नाहीत, पण निवेदनावर सही दिली.

आता महापालिकेकडे येऊ. पहिले उत्तर मिळाले की दलित वस्तीचा निधी मूलभूत सुविधांसाठी आहे, खेळासाठी नाही. इथे कायदा नीट वाचायला हवा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात गटारे, पाणी, दिवाबत्ती ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि उद्याने, क्रीडांगणे ही ऐच्छिक कर्तव्ये आहेत. म्हणजे गटार बांधणे हे पालिकेचे सर्व नागरिकांप्रती कर्तव्यच आहे. कॉलनीतले गटार सर्वसाधारण निधीतून होते आणि आमचे गटार मात्र आमच्यासाठी राखलेल्या निधीतून. विशेष निधी हा सर्वसाधारण हक्काच्या वर मिळायला हवा होता, तो त्या हक्काच्या जागी आला. उरलेली ऐच्छिक कर्तव्ये कोणाच्या वाट्याला गेली ते बागांच्या नकाशात दिसते. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत शहरी स्थानिक संस्थांसाठी १८ विषय आहेत. त्यात झोपडपट्टी सुधारणा आहे, तशी उद्याने व क्रीडांगणेही आहेत. आमची गाठ फक्त पहिल्याशीच घालून दिली आहे.

दुसरे उत्तर अभियंत्याचे होते. "मॅडम, हे आयटम दरसूचीत नाहीत, प्राकलन कसं करू?" तो माणूस वाईट नव्हता. दरसूचीत पेव्हर ब्लॉकचा दर आहे, ओपन जिमची खरेदी ठरलेली आहे, वळणदार काँक्रीटच्या उताराचा दर नाही. मग जे सूचीत तेच शहरात. पण दरसूचीबाहेरच्या कामासाठी दर विश्लेषण करता येते, पालिका ते कारंज्यांसाठी करतेच. आम्ही एका वास्तुविशारद मित्राकडून आराखडा करून घेतला आणि खोदाई, लोखंड, काँक्रीट यांचे सूचीतले आयटम वेगळे काढून दिले. उरलेला नवा भाग अगदी लहान निघाला. दोन वर्षांत गंजणाऱ्या ओपन जिमपेक्षा नीट ओतलेले काँक्रीट जास्त टिकते, हेही लिहून दिले.

हे सारे कोणापुढे मांडायचे, हाही प्रश्न होता. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या. स्थायी समितीही तोच आणि सर्वसाधारण सभाही तोच, असा एकच प्रशासक. लोकांनी कामे सुचवावीत म्हणून महाराष्ट्राने २००९ मध्ये कायद्यात क्षेत्रसभा आणली, पण आमच्या वस्तीने ती एकदाही भरलेली पाहिली नाही. तरीही निवेदने, माहिती अधिकाराचे अर्ज आणि मुलांना घेऊन काढलेले दोन मोर्चे यांतून अखेर अंदाजपत्रकात 'स्केटिंग पार्क' हे लेखाशीर्ष आले. वस्तीत पेढे वाटले गेले.

मग जागा बदलली. सुरक्षेच्या कारणास्तव पार्क आता आरक्षित भूखंडाऐवजी तीन किलोमीटरवरच्या कॉलनीतल्या विकसित उद्यानात होणार, असे पत्र आले. त्या उद्यानाला फाटक आहे, तिकीट आहे आणि कपडे पाहून हटकणारा पहारेकरी आहे. मागणी आमची, आराखडा आमचा, आणि पार्क त्यांचा.

अमेरिकेत पोर्टलंड शहरात १९९० मध्ये तरुणांनी बर्नसाइड पुलाखाली परवानगी न घेता स्केट पार्क बांधायला घेतला आणि नंतर शहराने त्याला मान्यता दिली. 'तुम्हीही तसंच करा की' असा सल्ला आम्हाला मिळतो. आमच्या मुलांनी पुलाखाली सिमेंटचे एक पोते ओतले, तर त्याचे नाव अतिक्रमण आणि दुसऱ्या दिवशी जेसीबी दारात. नियम मोडून कौतुक मिळवण्याची सवलतही जातीने आणि वर्गाने वाटलेली आहे. म्हणून आम्ही नियमानेच लढतो आहोत.

आणि नियम आपल्या बाजूने आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले. कागदावर सारे झाले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना लोकांसह चालत तळ्यावर जावे लागले आणि न्यायालयातला निकाल यायला १९३७ साल उजाडले. त्या लढ्याचा अर्थ राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये उतरला आहे : शासनाच्या पैशावर चालणाऱ्या तळी, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागांचा वापर करताना जातीच्या कारणावरून कोणालाही अडवता येणार नाही. आज पाटी लावून कोणी अडवत नाही. आज सार्वजनिक जागा आपल्यापासून दूर बांधली जाते आणि अंतर पहारेकऱ्याचे काम करते.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पार्क आरक्षित भूखंडावरच व्हावा. वस्तीतले गटार व रस्ते सर्वसाधारण निधीतून व्हावेत आणि विशेष निधीतून वस्तीने ठरवलेले काम व्हावे. साहित्य आणि प्रशिक्षकाची तरतूद दरवर्षी असावी, आणि आठवड्यातले काही तास फक्त मुलींसाठी राखावेत. जागा बदलण्याविरुद्ध आम्ही लेखी हरकत दिली आहे, सुनावणीची तारीख मागितली आहे. तारीख मिळाली की मुलांना घेऊनच जाऊ, बोर्डांसकट.

तुमच्या शहरातही अंदाजपत्रकाचे पुस्तक आहे. ते मागा, वाचा, आणि आपल्या वस्तीच्या नावापुढे काय लिहायचे ते आपण सांगायला सुरुवात करा.

जय भीम!