सहलीचा राजा आणि सोपाऱ्याचा स्तूप

नालासोपारा म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? लोकलची गर्दी! सहल तिथे जाणार म्हटल्यावर आमच्या दातिवऱ्याच्या पोरांनीही नाकं मुरडली. "बाई, तिथं काय बघायचं? बिल्डिंगी?"

दातिवरे म्हणजे वैतरणा नदी समुद्राला मिळते तिथलं आमचं गाव. भातशेती, वाड्या, मासेमारी आणि समोर पाण्यात अर्नाळ्याचा किल्ला. सोपारा खाडीच्या पलीकडे. पण आम्ही एसटीनं सफाळ्याला गेलो नि तिथून गाडी धरली. वैतरणेचा पूल आला तशी पोरं खिडक्यांना चिकटली.

दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा हे मोठं बंदर होतं. त्याचं जुनं नाव शूर्पारक. अपरान्ताची, म्हणजे आपल्या उत्तर कोकणाची ही राजधानी. ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' नावाच्या जुन्या प्रवासवर्णनातसुद्धा 'सुप्पारा' येतं. पुढे खाडी गाळानं भरली आणि बंदर संपलं.

नालासोपारा पश्चिमेला घरांमागून घरं लागतात आणि मग एकदम झाडं, शांतता आणि जुन्या विटांचा मोठा गोल ढिगारा. हाच तो स्तूप. पोरं त्याला फेरी मारून आली. "बाई, दरवाजा कुठाय?" दरवाजा नसतोच! स्तूप आतून भरीव. आत शिरायचं नाही, भोवती प्रदक्षिणा घालायची.

हा स्तूप आहे हे गावातले लोक पार विसरले होते. ते त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. हे मूळचे जुनागडचे, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याजवळ तयार झालेले संशोधक. स्तूपाच्या पोटात त्यांना दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या मूर्ती. करंड्यात चांदीची डबी, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची, तिच्यात सोन्याची! आणि सोन्याच्या डबीत?

"हिरे!" दोघं-तिघं एकदम ओरडले.

नाही. मातीच्या भांड्याचे तुकडे. ते गौतम बुद्धांच्या भिक्षापात्राचे, अशी श्रद्धा. सोन्याहून खापरी मोलाची! पोरं गप्पच झाली. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

त्याच वर्षी जवळच्या भाटेला तळ्यापाशी ब्राह्मी अक्षरांचा एक फुटका दगड सापडला. तो निघाला सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा. गंमत म्हणजे हा लेख सहलीबद्दलच आहे! पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या सहली काढत. अशोकानं राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधगयेची यात्रा केली आणि मग धर्मयात्रा सुरू केल्या. त्यांत वृद्धांना भेटायचं, दानधर्म करायचा, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलायचं. (आमची सहल यात कुठे बसते, ते मी विचारलं नाही. अर्ध्यांचं लक्ष डब्यात होतं.)

'महावंस' या श्रीलंकेतल्या ग्रंथात आहे, की अशोकाच्या काळी धर्मप्रसारासाठी भिक्षू देशोदेशी निघाले. त्या यादीत आपलं अपरान्त आहे आणि समुद्रापलीकडची सुवर्णभूमीही आहे. सुवर्णभूमी म्हणजे आपलाच देश, असं थायलंडचे लोक मानतात. म्यानमारचेही मानतात! बँकॉकच्या विमानतळाचं नाव तर 'सुवर्णभूमी'च आहे. थायलंडमध्येही नदीकाठची भातशेतीची गावं आहेत, अगदी आपल्यासारखी. तिथल्या देवळांतल्या स्तूपांना 'चेदी' म्हणतात. शब्द मूळचा आपलाच, चैत्य. त्यांच्याकडे चेदीभोवती आजही फुलं-उदबत्त्या घेऊन माणसं फिरतात. नखोन पथोमची चेदी तर शंभर मीटरहून उंच आहे. आपला स्तूप मात्र विटांचा ढीग होऊन बसलाय, याचं मला वाईट वाटलं.

अशोकाचे असे मोठे शिलालेख चौदा. सोपाऱ्याच्या परिसरात आठव्याचा तुकडा मिळाला, पुढे १९५६ साली भुईगावात नवव्याचा. हे तुकडे मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात गेले.

"मग बाकीचे बारा, बाई?"

"सापडलेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी शाळेत एक मुलगा उशिरा आला, हात चिखलानं भरलेले. विहिरीवरचा धुण्याचा दगड त्यानं आजीच्या डोळ्यांदेखत उलटा केला होता. खाली फक्त गांडुळं निघाली. आता त्याला देवळामागचा दगड बघायचाय.