पेन्सिलीएवढी फट

धाकटा भाऊ २०२१ मध्ये गेला. त्याची बावीस फुटी फायबरची होडी तेव्हापासून आमच्या भाटात माडांखाली पडून होती. वर फाटकी ताडपत्री, आत चार पावसाळ्यांचे पाणी आणि बेडूक. गेल्या तुळशीच्या लग्नानंतर पुतण्याने ताडपत्री ओढून काढली आणि म्हणाला, "काका, हिला परत मांडवीत घालूया."

मी बँकेत आयुष्य काढलेला माणूस. पण आमचे वडील होड्या बांधणारे मेस्त. दोन फळ्यांच्या सांध्यात पोस्टकार्ड शिरले तर ते फळी फेकून देत. तेवढी विद्या हातात होती, म्हणून मी हो म्हटले.

फायबरच्या होडीचे कवच म्हणजे नुसती साल. तिला आकार टिकवायला आतून आधार लागतो. तळाशी नाळेकडून मागपर्यंत लांब तुळया जातात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात; आणि त्यांना काटकोनात आडव्या भिंती, बल्कहेड. आमच्या होडीत दोन्ही लाकडी, वरून काचेच्या कापडाने मढवलेले. दिसायला ठणठणीत. पुतण्याने हातोडीने टकटक करीत नेले. आधी खणखणीत आवाज, आणि मधल्या बाकाखाली एकदम भद्द, सडक्या नारळासारखा. कापून पाहिले तर काचेच्या आत लाकूड नव्हतेच. भिजलेली चहापूड होती.

ती कूज सुरू झाली होती चार स्क्रूंच्या भोकांपासून. भोवती काळी वर्तुळे, तिथून दोन्हीकडे पसरत गेलेली. ते बाक २०११ मध्ये मी बसवले होते. भाऊ स्क्रूंची डबी धरून उभा होता. भोकांत काही भरायला हवे हे दोघांनाही सुचले नाही. उघडे लाकूड भिजले तरी वाळते. काचेत कोंडलेल्याला वाळायला वाटच नसते. त्या दिवशी मी पुतण्याला काही बोललो नाही.

सगळा सांगाडा एकदम काढला असता तर कवच फाकले असते. म्हणून होडी घोडीवर नीट टेकवून, दोन्ही काठांना आडवे वासे बांधून, एकेक तुळई काढून नवी बसवली. जुनी काच ३६ नंबरच्या कागदाने घासायची. तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, तरी तो भुगा अंगाला लागला की रात्रभर झोप नाही. घरच्यांनी मला पडवीत झोपायला सांगितले, ते योग्यच होते.

मग बल्कहेड. पुठ्ठ्याचा नमुना काढला. डावी आणि उजवी बाजू सारखी नाही हे तेव्हा कळले. मी मरीन प्लाय वडिलांच्या पद्धतीने कापला, कवचाला असा घट्ट की पोस्टकार्डही शिरू नये. मोठ्या अभिमानाने पुतण्याला दाखवला.

"काका, पेन्सिलीएवढी फट ठेवा सगळीकडून."

मला राग आला. तीन पिढ्यांच्या सुतारकीत फट हा शिवीसारखा शब्द! तो काही बोलला नाही. मला बाहेर घेऊन गेला. संध्याकाळचे तिरपे ऊन कुशीवर पडले होते. तिथे वरपासून खालपर्यंत एक पुसटशी रेघ दिसली, तिच्यात बारीक तडा. मी ती रेघ इतकी वर्षे साच्याची समजत होतो. "इथे आत जुनी भिंत टेकली होती," तो म्हणाला. लाटेने कवच वाकते; प्लायची कडक धार जिथे टेकते तिथे ते एकाच रेषेवर मुडपते. हजारो वेळा मुडपले की फुटते.

मी निमूटपणे रंधा घेतला. फटीत मऊ फोमची पट्टी, तिच्यावर घट्ट कालवलेल्या इपॉक्सीची अंगठ्याने गोलाई दिलेली कड, मग दोन्ही अंगांना काचेच्या पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीहून इंचभर रुंद, म्हणजे जोर एका जागी थांबत नाही. जुन्या फायबरला पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी चांगले धरते, पण निम्मे पैसे त्यातच गेले. एप्रिलच्या उकाड्यात मगात राहिलेले मिश्रण बघता बघता तापून दगड होते, म्हणून पहाटे उठून पसरट ताटलीत थोडे थोडे कालवायचे. लाकूड काचेत घालणे मुळात चूक, असे मात्र मी म्हणणार नाही. दिवाडीला बांधलेल्या आणि २००९-१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेल्या 'म्हादेई'तही काचेच्या आत लाकूडच आहे.

शेवटी बाकाची पाळी आली. तेव्हा मी त्याला त्या चार भोकांचे सांगितले. तो बराच वेळ काचेच्या कापडाच्या कडा कातरत राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक होते. बाबांनी सांगितले होते, बाक काकाने बसवले म्हणून." आणि ड्रिल माझ्या हातात दिले.

भोक स्क्रूहून मोठे पाडले, इपॉक्सीने गच्च भरले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मधोमध बारीक भोक, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. मी एकेक स्क्रू आवळत गेलो. पुतण्या शेजारी डबी धरून उभा होता.